‘पुन्हा’ म्हणणारं नाक

सोमवार, ४

मामाची एकच अट आहे: कारखान्यात प्रश्न विचारायचे नाहीत. बसथांब्यापासून घरापर्यंत त्याने ही अट इतक्यांदा ऐकवली की शेवटी मी म्हटलं, "पण का?" तर रस्त्यात उभा राहून ओरडला, "हेच! हेच ते!"

म्हणून ही वही काढली. तिथे विचारायचं नाही ते इथे विचारायचं, म्हणजे पोटात दुखणार नाही.

तर मी परत एकदा नोकरी सोडली आहे. खरं सांगायचं तर नोकरीने मला सोडलं. आईने मामाला फोन केला, "हिला कुठेतरी चिकटव रे बाबा." चिकटवायला मी काय तिकीट आहे? तिकिटं मात्र मी फाडली आहेत, एका बोटीवर. त्याआधी एका खाणावळीत बटाटे सोलले, त्याआधी चष्म्याच्या दुकानात काचा पुसल्या. शाळेचं म्हणाल तर शाळा माझ्या वाटेवर होती, मी तिच्या वाटेला फारशी गेले नाही. घरातले मला भिंगरी म्हणतात. कुठे जाते, कधी येते, कोणी विचारतसुद्धा नाही. भिंगरीला कोण विचारतं?

मामा साबणाच्या कारखान्यात मुकादम आहे, वड्या कापायच्या खोलीत. मामी त्याच कारखान्यात कढईवर. तेल, खार, मीठ, उकळ, सगळं तिच्या हातात. शेवटी सुगंध घालायचा तोही तीच घालते. तिच्या हाताला झोपेतसुद्धा लिंबाचा वास येतो. कढईबद्दल बोलायला लागली की तिचा चेहरा असा होतो, जसा लोकांचा आपल्या मुलांबद्दल बोलताना होतो. मूल नाही त्यांना. कढई आहे.

उद्यापासून मी झाडू मारणार आणि भुगा गोळा करणार. साबणाचा भुगा! तो नाकात गेला तर शिंकताना फुगे येत असतील का? (हा प्रश्न मामाला विचारला नाही. अट पाळली.)

मंगळवार, ५

फुगे येत नाहीत.

आज हुंगणी बघितली. बापरे, काय थाट! सगळे तिला हुंगणीच म्हणतात, पण साहेबांसमोर ‘परीक्षा’ म्हणायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी घंटा होते. पंखे बंद, खिडक्या बंद. सगळ्यांनी नुसत्या पाण्याने हात धुवायचे. त्या दिवशी घरून कांदा खाऊन यायचं नाही, डोक्याला तेल नाही. मग सगळे भिंतीला टेकून उभे राहतात आणि नाकसाहेब येतात.

त्यांना नाकसाहेब अर्थात पाठीमागे म्हणतात. नाक तसं काही मोठं नाही. मी तर गरुडाच्या चोचीची अपेक्षा करत होते. उंच, वाळके, पांढऱ्या कोटातले आजोबा. मामा सांगतो, थोरल्या मालकांच्या काळापासून या नाकावर कारखाना चालतो. टेबलावर पांढरं फडकं, फडक्यावर नव्या घाण्याची एक वडी. (घाणा म्हणजे एका कढईचा माल. साबणाला घाणा म्हणणारा माणूस मला भेटायला हवा, काहीतरी बक्षीस देईन.) साहेब वडी उचलतात. हुंगतात. मग कोटाची बाही हुंगतात, नाक कोरं करायला म्हणे. परत वडी. मग डोळे अर्धे मिटून समोर बघत राहतात. समोर कढईवालीने उभं राहायचं असतं, म्हणजे मामीने. मी कोपऱ्यातून बघत होते. मला वाटलं, वास वडीचा घेतायत की मामीचा?

मग दोनपैकी एक शब्द. ‘चालेल’ किंवा ‘पुन्हा’.

आज ‘पुन्हा’. सगळा घाणा परत कढईत. त्यावर रीत अशी की मामीने सगळ्यांसमोर मान खाली घालून म्हणायचं, "माझं चुकलं, साहेब." ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की मला वाटलं दुसऱ्याच कोणाचा आहे.

घरी येताना मी विचारलं, "काय चुकलं पण?"

"घाणा."

"ते झालं. घाण्यात काय?"

मामा म्हणाला, "भिंगरे, नाकासमोर चाल."

मी नाकासमोर चालले आणि एका सायकलवाल्याला धडकले.

गुरुवार, ७

परत गेलेल्या घाण्यातली एक वडी वितळवायच्या आधी माझ्या खिशात आपोआप पडली. आज धुणं वाळत घालताना ती काढून हुंगली. मस्त आहे. लिंबू सोलल्यावर बोटांना येतो तो वास. दुकानातल्या पास झालेल्या वडीलाही हाच येतो. दोन्ही हुंगून हुंगून शेवटी मला माझाच वास येईना.

मामाला दोन्ही वड्या दाखवायला गेले, तर त्याने नाकावर रुमाल धरला. खरंच धरला!

"आपण हुंगायचं नसतं."

"का? झीज होते?"

"साहेबांचा अपमान होतो."

मामी भांडी घासत होती. पण मी वडी ठेवली तिथे ती दोनदा येऊन गेली. गेल्या काही महिन्यांत तिच्या घाण्यांना सारखं ‘पुन्हा’ मिळतंय, असं शेजारच्या बाईने सांगितलं. आधी वर्षात एखादं. मग एक झालं, त्या धास्तीने दुसरं, आणि आता रीघ. शेजारीण म्हणाली, "हात गेला हो तिचा." मामीचा हात! ज्या हाताने ती डोळे झाकून मीठ टाकते!

वडी मी मोज्यात लपवून ठेवली आहे. का, ते माहीत नाही. माझ्या बऱ्याच गोष्टी अशाच सुरू होतात.

सोमवार, ११

परीक्षेच्या टेबलावर वडी नेऊन ठेवणाऱ्या माणसाने आपलं बोट दारात चेमटवून घेतलं. ते काम मला मिळालं. मामाने तासभर शिकवलं: ताट दोन्ही हातांनी, पावलं लहान, श्वास बाजूला सोडायचा. मी शपथेवर सांगते, तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. ‘श्वास बाजूला सोडायचा’ म्हटल्यावर आलं.

मंगळवार, १२

केलं!

ताटात नव्या घाण्याची वडी ठेवायच्या ऐवजी मोज्यातली ठेवली. मागच्या मंगळवारी साहेबांनीच नापास केलेली. (मोजा धुतलेला होता.)

सुदैवाने आज सगळ्यांचं लक्ष मामाकडे. तो सकाळी घाईत मामीचे पायमोजे घालून आला होता, आणि घंटा व्हायच्या वेळी नेमकी एका पायाची विजार वर अडकली. आत गुलाबी मोजा, त्यावर फुलं. मामीला ते दिसलं. ती साहेबांसमोर उभी, ओठ दाबलेले, गाल फुगलेले, डोळे चमकतायत. हसू आवरता आवरता नाकी नऊ आले तिच्या.

साहेबांनी वडी हुंगली. बाही हुंगली. डोळे अर्धे मिटून समोर बघितलं. आणि म्हणाले, "चालेल. वा! याला म्हणतात साबण."

तीच वडी! मी जवळपास ओरडणारच होते. ओरड गिळली, तर उचकी लागली, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

मामी खूश. येताना तिने सगळ्यांना पेरू घेतले. मी तिला काही सांगितलं नाही. एकदा तर कोणाचंही चुकतं. मला खात्री करायची आहे.

शुक्रवार, १५

काय करून बसले मी!

तीच वडी दुसऱ्यांदा ठेवली. माझा हिशेब सरळ होता: मंगळवारी पास, म्हणजे आजही पास, म्हणजे मामीचा काही तोटा नाही, आणि नापास झाली तर साहेबांची चोरी सापडली. दोन्हीकडून मीच जिंकणार. एका गोष्टीचा विचारच केला नाही. टेबलावर वडी कुठलीही असो, नाव मामीचंच.

आज मालकीणबाई स्वतः आल्या होत्या. थोरल्या मालकांची सून, एरवी वरच्या मजल्यावरच असते. हाताची घडी घालून मामीच्या बरोबर मागे उभी राहिली. मामीचा चेहरा बघवत नव्हता. चुना फासलेली भिंत. साहेबांनी हुंगलं, बाही हुंगली, मामीकडे बघितलं. बघतच राहिले.

"पुन्हा."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? ‘सापडलास!’ लाज वाटते लिहायला. दुसऱ्या क्षणी मामीचा आवाज आला, "माझं चुकलं, साहेब," आणि मालकीणबाई म्हणाल्या, "बाई, हे फार झालं. येत्या शुक्रवारी आणखी एकदा बघू. ‘पुन्हा’ आलं तर कढईवर दुसरं माणूस घेणार. तुम्ही कागद गुंडाळायला बसा."

कागद गुंडाळायला! मामीला!

माझी वडी ताटातून उचलली आणि मोज्यात टाकली. आणि मामीचा नवा सगळा घाणा वितळायला गेला. ज्याला साहेबांनी हुंगलंसुद्धा नाही.

शनिवार, १६

मामाला सांगितलं. वडीबद्दल नाही, तेवढी छाती नाही माझी. नुसतं म्हटलं, "मामा, साहेबांना वास येत नसावा."

त्याने आधी दार लावलं. मग खिडकी. मग म्हणाला, "तुझं नाक केवढं, तू बोलतेस केवढं!"

"चुकत असतील तर?"

"साहेब चुकत नाहीत."

"कशावरून?"

"आजवर कोणी म्हटलेलं नाही की चुकले."

"म्हणता येतं का कोणाला?"

"छे! कसं म्हणता येईल?"

"मग झालं की!"

"काय झालं?" मामा गोंधळला. मग चिडला. "हे बघ, एकाने ठरवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, म्हणून कारखाना चालतो. उद्या सगळे हुंगायला लागले तर साबण कोण करणार? तू?"

 रात्री अंथरुणात त्याचाच विचार करत पडले. खरंच, सगळेच हुंगायला लागले तर? बोटीवर आमच्या कप्तानाला प्रत्येकजण दिशा सांगायला लागला असता तर बोट गोल गोल फिरली असती. पण मग आठवलं, एकदा कप्तान खडकाकडे चालला होता आणि स्वयंपाकी ओरडला होता. कप्तानाने त्याला आधी शिव्या दिल्या, मग बोट वळवली. त्या क्रमाला काही हरकत नाही.

मामा झोपताना मामीला म्हणत होता, "कागद गुंडाळणं काही वाईट नाही, बसून काम असतं." मामी म्हणाली, "अहो, झोपा आता."

सोमवार, १८

उद्या परीक्षा नाही, तेलाची गाडी आलेली नाही; कढईत शुक्रवारचाच परत गेलेला घाणा उकळतोय. आज साहेबांची खोली झाडायला गेले. एप्रनच्या खिशात अर्धा चिरलेला कांदा घेऊन.

अख्खा कारखाना लिंबाने दरवळलाय आणि त्यात हा कांदा. बाहेरचा पहारेकरीसुद्धा म्हणाला, "कोणाचं जेवण सांडलं काय?" साहेब मात्र खुर्चीत शांत. मी त्यांच्या खुर्चीभोवती तीनदा झाडलं. चौथ्यांदा झाडताना त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आज मन जरा हळवं झालंय," ते म्हणाले. "का कोण जाणे."

आता मी काय बोलणार? कांद्याने मन हळवं होतं, हे मला नवीन होतं.

रुमालाने डोळे टिपत ते सांगायला लागले, थोरल्या मालकांनी त्यांना पहिल्यांदा वडी दिली तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. त्या वडीचा वास त्यांना अजून आठवतो म्हणाले. त्यांच्या बायकोला गुलाब आवडायचा, तोही आठवतो. "आठवतो" हा शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला, तेव्हापासून घरी एकटेच असतात. मग मला विचारलं, "मुली, आज कढईवर काय आहे? गुलाब का?"

लिंबू, साहेब. जिन्यापर्यंत लिंबू, खालच्या मांजरालासुद्धा लिंबू.

म्हणजे खात्री झाली. पण मला आनंद होईना. कांदा खिशात जड लागायला लागला. हे आजोबा खोटारडे निघतील असं वाटलं होतं, ते नुसते घाबरलेले निघाले. त्यांना उघडं पाडलं तर ते जातील. नाही पाडलं तर मामी जाईल. आणि मधल्यामध्ये मी, खिशात कांदा घेऊन.

बुधवार, २०

मामीला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. मोज्यातली वडी ओट्यावर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं: ही वडी आधी नापास, मग पास, मग परत नापास. मधला कांदासुद्धा सांगितला.

ओलं फडकं थेट माझ्या तोंडावर आलं. नेम चांगला आहे तिचा.

"माझ्या कढईशी खेळतेस? माझ्या?"

"मामी, चुकलं माझं."

ते ऐकल्यावर ती एकदम थांबली. नळ चालूच होता. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी ज्या वडीसाठी माफी मागितली…"

"ती त्यांनीच पास केलेली होती."

"आणि मालकीणबाई मागे उभ्या होत्या."

"हो."

तिने वडी उचलली आणि नाकाशी नेली. मी तिला वडी हुंगताना पहिल्यांदा बघितलं. कढईत ती वाफेवरून ओळखते, पण तयार वडी हुंगायची मनाई तीही पाळत आलेली. खूप वेळ हुंगत राहिली. मग मला म्हणाली, "शुक्रवारी ताटात माझा खरा घाणा ठेवायचा. लबाडी केलीस तर याद राख."

"पण नापास झाला तर?"

"ते मी बघते."

काय बघणार, ते सांगितलं नाही. मामाचा डबा नेहमीसारखा भरला, दिवा मालवला.  तिच्या जागी मी असते तर आतापर्यंत आठवडाभर पुरतील इतक्या युक्त्या काढल्या असत्या. ती नुसती घोरत होती.

शुक्रवार, २२

घाईत लिहितेय, अक्षर वाचता आलं तर बघा.

घंटा. पंखे बंद. मालकीणबाई खाली आलेल्या, बरोबर एक नवीन माणूस, बाह्या सरसावून आलेला. कढई बघायला! अजून मामी तिथे उभी असताना! मी ताट घेऊन निघाले. खरा घाणा, खरी वडी, शपथ. आता माझी लबाडी नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटत होती. लबाडी असली की काय करायचं ते तरी माहीत असतं.

साहेबांनी हुंगलं. बाही हुंगली. समोर बघितलं. मामी उभी, हात बाजूला, चेहरा कोरा. ना हसू, ना भीती. साहेब बघत राहिले. कपाळाला घाम आला त्यांच्या. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी पटकन डोळे खाली घातले.

"पुन्हा," ते म्हणाले.

नवीन माणूस एक पाऊल पुढे आला. सगळे मामीकडे बघायला लागले, ती मान खाली घालते का बघायला. तिने घातली नाही.

"काय चुकलं, साहेब?" ती म्हणाली.

एवढंच. ओरडली नाही, टोमणा नाही. भाजीवाल्याला भाव विचारावा तसं विचारलं.

साहेबांनी वडीकडे बघितलं. मालकीणबाईंकडे बघितलं. त्यांना कोणी असं कधी विचारलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "वास…" ते म्हणाले. "वास बरोबर नाही."

"कसा बरोबर नाही? जास्त आहे? कमी आहे? तेल करपलंय? सांगा, मी नीट करते. माझी कढई आहे, मला कळायला नको?"

 मालकीणबाई म्हणाल्या, "बाई, ही वेळ नव्हे…"

आणि मग मामा! माझा मामा, जो रस्त्यात सिग्नल बिघडला तरी हिरव्याची वाट बघत उभा राहतो! तो भिंत सोडून पुढे आला, फडक्यावरची वडी उचलली आणि सगळ्यांसमोर हुंगली. डोळे घट्ट मिटून, थंड पाण्यात उडी मारणारे मिटतात तसे.

मला वाटलं, आता म्हणणार, ‘उत्तम आहे, माझ्या बायकोचं काही चुकलेलं नाही.’ सगळ्यांनाच वाटलं असणार.

तो म्हणाला, "लिंबू जरा जास्त झालंय."

मामीने असं बघितलं त्याच्याकडे!

"काय?"

"खरंच जास्त आहे. डोक्यात जातंय. मागच्याही घाण्यात होतं."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी… आपण हुंगत नव्हतो ना."

कोणीतरी खी खी केलं. मग कागद गुंडाळणाऱ्या बायका पुढे आल्या, "द्या बघू इकडे." एक म्हणाली जास्त, एक म्हणाली बरोबर, तिसरीला सर्दी होती. पहारेकऱ्याने हुंगलं आणि म्हणाला, त्याला लिंबूच आवडत नाही. मामीने शेवटी वडी ओढून घेतली, नाकाशी धरली, आणि तिच्या भुवया एकदम वर गेल्या.

"जास्त आहे," ती म्हणाली. "धास्तीने जास्त ओततेय मी. नापास होऊ नये म्हणून."

म्हणजे आज नाकसाहेब बरोबर होते! कसे, देव जाणे. मी बरीच वर्षं जगले तरी हे मला पचणार नाही.

मालकीणबाईंनी स्वतः हुंगलं. मग त्या बराच वेळ साहेबांकडे बघत राहिल्या. साहेब फडक्याची घडी घालत होते, घातलेली घडी परत उलगडत होते. मालकीणबाई बेरकी आहे. तिने त्यांना काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "यापुढे ज्याला ‘पुन्हा’ म्हणायचं असेल त्याने का ते सांगायचं. सांगता आलं नाही तर माल चालेल." मग त्या नवीन माणसाला, "तुम्ही या आता." आणि वर निघून गेल्या.

मामीने घाणा कढईत परत घेतला. ‘माझं चुकलं’ मात्र कोणी म्हणालं नाही. तिने घाण्यात काय कमी-जास्त करायचं ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, आणि मामा कढईच्या काठाशी मान हलवत उभा होता, जसा काही साबणाचा शोध त्यानेच लावलाय.

रविवार, २४

नाकसाहेब घरी आले! चहाला. मामाने खुर्ची पुसली, परत पुसली, मग स्वतः उभाच राहिला. साहेबांनी राजीनामा दिला होता, मालकीणबाईंनी घेतला नाही. नव्या पोरांना जुने वास सांगा म्हणाल्या, तुम्हाला जेवढे आठवतात तेवढे कोणालाच आठवत नाहीत.

ते मामीला म्हणाले, "बाई, परवा तुमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. माझी पंचाईत झाली. मग ह्या पोरीकडे बघितलं, तर हिचं तोंड चोरासारखं."

मामी चहा ओतता ओतता थांबली. मग हसायला लागली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. साहेबही हसले. मामाने आदराने थोडंसं हसून घेतलं.

मला काही कळलं नाही. माझ्या तोंडाचा आणि साबणाचा संबंध काय? वय झालं की माणूस असं काहीबाही बोलतं. पण बिस्किटं चांगली आणली होती त्यांनी.

मंगळवार, २६

आज गुलाबाचा घाणा. सगळे हुंगत होते. कौतुक चाललेलं. मला मात्र काहीतरी खटकलं, आणि तोंडून निघून गेलं, "पुन्हा."

मामीने डाव खाली ठेवला. "कालची पोरगी तू. माझ्या कढईला ‘पुन्हा’?"

मी वडी परत नाकाशी नेली.

तिचे गाल लाल झाले होते. एप्रनला हात पुसून म्हणाली, "बरं. का?"

आली का पंचाईत! का ते मला सांगता येईना. तिने मला तिथेच स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, सापडेपर्यंत उठायचं नाही. मी हुंगत बसले. मांजर येऊन गेलं. जेवणाची सुट्टी येऊन गेली. कुठल्याही नोकरीत मी एका जागी इतका वेळ बसलेली नाही. शेवटी सापडलं: गुलाब ठीक आहे, पण गुलाब गेल्यावर मागे खवट काहीतरी राहतं. जुन्या तेलाच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं.

मामीने हुंगलं. वाट बघितली. परत हुंगलं.

"तेल जुनं आहे," ती हळूच म्हणाली. "मागच्या गाडीतून आलंय. मला वाटलं होतं सुगंधाखाली झाकलं जाईल."

"तेल कोण ठरवतं?"

तिने वर बोट दाखवलं. वर म्हणजे वरचा मजला.

 मग तिने एप्रन सोडला, केस नीट केले, वडी हातात घेतली आणि म्हणाली, "चल."

कापायच्या खोलीतून मामा धावत आला. मला वाटलं अडवणार. तो धापा टाकत म्हणाला, "थांबा! असं कसं जाता? काय विचारायचं ते आधी ठरवा तरी," आणि आमच्या पुढे होऊन जिना चढायला लागला.